पोर्तुगालचा राजा तिसरा जुवांव आणि इतिहासाचा न्याय

श्रींच्या कृपेने आपल्या संस्थानाची स्मरणिका प्रसिद्ध होत आहे. अशा प्रसंगी देवस्थानचा पूर्वेतिहास सांगण्याची आपली परंपरा आहे. मूळ गाव कोणते, श्री तेथून केव्हा निघाले, नदी कोणत्या रात्री ओलांडली, पालखीबरोबर कोण कोण होते, हे वडिलांच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तथापि ज्या राजाच्या राजवटीत या स्थलांतराची बीजे पेरली गेली, त्याच्याविषयी आपल्या स्मरणिकांत फारसे लिहिलेले आढळत नाही. ‘फिरंग्यांनी देवळे पाडली’ एवढ्या चार शब्दांत आपण तो विषय आटोपतो. तो राजा कोण, त्याच्या देशात त्याला काय म्हणत, आणि आज इतिहास त्याच्याविषयी काय म्हणतो, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

पोर्तुगालच्या गादीवर १५२१ ते १५५७ या काळात दों जुवांव तिसरा हा राजा होता. लिसेंवमध्ये आम्हांस राजांची नावे त्यांच्या बिरुदांसह पाठ करावी लागत. दों मान्युएल ‘भाग्यवान’, दों जुवांव दुसरा ‘परिपूर्ण’ आणि दों जुवांव तिसरा ‘पियेदोजु’. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक धर्मनिष्ठ आणि दुसरा दयाळू. वर्गात आम्ही ते बिरूद बिनचूक म्हणून दाखवीत असू. घरी आल्यावर देवघरातील श्रींच्या तसबिरीपुढे दिवा लावताना आजी सांगे, की हे आपले मूळ ठिकाण नव्हे, देवाला घर सोडावे लागले होते. वर्गातला दयाळू राजा आणि आजीच्या गोष्टीतला संकटकाळ या दोहोंचा काही संबंध असेल, हे कित्येक वर्षे ध्यानात आले नाही. शाळेने तो संबंध दाखविला नव्हता आणि आजीला त्या राजाचे नाव ठाऊक नव्हते.

प्रथम त्या राजाची बाजू मांडली पाहिजे. एखाद्याविषयी निवाडा करावयाचा तर त्याचे गुण आधी सांगावेत, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. दों जुवांवचा जन्म १५०२ मधला. एकोणिसाव्या वर्षी तो गादीवर आला. ब्राझीलची वसाहत त्याच्या काळात खऱ्या अर्थाने उभी राहिली. पोर्तुगालचे विद्यापीठ त्याने १५३७ मध्ये कोइंब्र नगरात कायमचे स्थिर केले. त्याच विद्यापीठाच्या चौकात आजही त्याचा भव्य पुतळा उभा आहे. विद्वानांना बोलावून त्याने १५४८ मध्ये तेथे कलामहाविद्यालय उघडले. खासगी जीवनात तो दुर्दैवी होता. एवढी अपत्ये झाली, परंतु एकही त्याच्या मागे उरले नाही. अखेर गादी तीन वर्षांच्या नातवाकडे गेली. स्वभावाने तो क्रूर होता असे त्याच्या समकालीनांनीही लिहिलेले नाही.

आपल्या गोमंतकाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. १५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्क याने तिसवाडी जिंकली, तेव्हा येथील लोकांच्या चालीरीतींत फारसा हात घालावयाचा नाही असे धोरण होते. सतीची चाल तेवढी त्याने बंद केली. पुढे १५२६ मध्ये, म्हणजे याच जुवांवच्या कारकिर्दीत, आफोंसु मेशिय याने गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले आणि त्यांना सरकारी मान्यता दिली. तो दस्तऐवज ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. गावाची जमीन कोणाची, गावकरांचा मान काय, सारा कसा भरावयाचा, हे त्यात आहे. आपल्या गावसंस्थेचा पहिला मोठा लेखी पुरावा अशा रीतीने त्याच राजाच्या नावाने आपल्याला मिळाला आहे. इतिहास किती गुंतागुंतीचा असतो, हे यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

मग बिघडले कोठे? त्याचे मूळ गोव्यात नसून लिस्बनमध्ये आहे. जुवांवच्या बापाने १४९७ मध्ये आपल्या राज्यातील यहुदी लोकांना सक्तीने ख्रिस्ती केले होते. अशा लोकांस ‘नवख्रिस्ती’ म्हणत. वरून ख्रिस्ती झालेला माणूस घरात जुना धर्म पाळत असेल, हा संशय मग राज्यकर्त्यांच्या मनात कायमचा बसला. १५०६ मध्ये लिस्बन शहरात जमावाने या लोकांची भयंकर कत्तल केली. संशय एकदा मनात शिरला की त्याला चौकशीचे कार्यालय हवे असते. दों जुवांवने रोमच्या दरबारात वर्षानुवर्षे खटपट करून तशी परवानगी मिळविली आणि २३ मे १५३६ रोजी पोपच्या आज्ञापत्राने पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. तीन वर्षांनी राजाने आपला सख्खा भाऊ एन्रिक याला त्याचा मुख्य अधिकारी केले. ज्या कलामहाविद्यालयाचा वर उल्लेख आला, तेथे राजानेच बोलावून आणलेले काही अध्यापक दोन वर्षांच्या आत याच न्यायासनाने तुरुंगात टाकले. एका हाताने दिवा लावावयाचा आणि दुसऱ्या हाताने तो विझवावयाचा, असा हा प्रकार झाला.

तेच वारे गोव्याकडे वळले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास आरंभ झाला. या कामात मुख्य धर्माधिकारी मिगेल व्हाज हा पुढे होता. १५४१ मध्ये गावकरांना बोलावून, पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मसंस्थेला देण्यास त्यांची ‘संमती’ घेण्यात आली. देऊळ पडल्यानंतर देवाच्या शेताचे धान्य कोणाकडे जावे यास संमती द्यावयाची, यातील विटंबना महाजनांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाबत्ती, नैवेद्य, भटजी, वाजंत्री, देवळी, भाविणी या सर्वांचा निर्वाह त्या जमिनींवर चाले. जमीन गेली म्हणजे केवळ भिंत पडली असे नसून संपूर्ण संस्था पडली. १५४२ च्या मे महिन्यात सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले. १५४६ मध्ये त्यांनी राजास पत्र पाठवून गोव्यात इन्क्विझिशन असावे अशी मागणी केली. त्याच सुमारास राजाने आपला येथील प्रमुख दों जुवांव द काश्त्रु यास आज्ञा पाठविली, की मूर्ती आणि मूर्तिपूजा यांचा उच्छेद व्हावा.

येथे एक भूल दुरुस्त करणे अगत्याचे आहे, कारण ती आपल्याच स्मरणिकांत पुष्कळदा छापली गेली आहे आणि प्रस्तुत लेखकानेही एकेकाळी भाषणातून ती केलेली आहे. गोव्यातील इन्क्विझिशन दों जुवांवने स्थापन केले असे आपण म्हणतो. ते खरे नाही. तो ११ जून १५५७ रोजी मरण पावला आणि गोव्यात ते न्यायासन १५६० मध्ये सुरू झाले. सासष्टीतील देवळांचा मोठा विध्वंस १५६७ चा. म्हणजे आपले बहुतेक देव हलले ते जुवांवच्या मरणानंतर. श्री मंगेश कुशस्थळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेले ते १५६० मध्ये, अशी परंपरा आहे. केळोशीची श्री शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची श्री महालसा म्हार्दोळास, लोटलीचा श्री रामनाथ बांदिवड्याच्या परिसरात गेला तोही याच धामधुमीत. सासष्टीत २८० व बारदेशात ३०० देवळे नष्ट झाली, अशी संख्या इतिहासग्रंथांत दिली जाते.

मग दोष कोणाचा? या काळात गादीवर कोण होते ते पाहण्यासारखे आहे. जुवांवचा नातू सेबाश्तियांव हा १५५४ च्या जानेवारीत जन्मला. त्याच्या जन्मापूर्वी थोडेच दिवस त्याचा बाप वारला आणि काही महिन्यांतच आई त्याला सोडून माहेरी स्पेनला परतली. प्रथम आजी कातारीना आणि नंतर तोच कार्डिनल एन्रिक त्याच्या नावाने कारभार पाहत. १५५९ मध्ये या बाळराजाच्या नावे एक कायदा निघाला. हिंदू मूल पोरके झाले तर त्याला नातेवाइकांकडे न ठेवता ख्रिस्ती पालकाच्या स्वाधीन करावे आणि त्याचा बाप्तिस्मा करावा, असा त्याचा आशय होता. ज्या राजाच्या नावाने ही आज्ञा सुटली, तो स्वतः पाच वर्षांचा, आईबापांविना वाढणारा मुलगा होता! गोव्यातील पोरक्या मुलांना आजीच्या कुशीतून काढणारा हुकूम स्वतः आजीच्याच कुशीत असलेल्या राजाच्या सहीशिक्क्याने निघावा, याहून मोठी विपरीत घटना इतिहासात क्वचितच सापडेल.

आपल्या पूर्वजांनी गावे का सोडली, याचे उत्तर केवळ पाडलेल्या देवळांत शोधून चालणार नाही. देऊळ पडले तरी देव घरात लपविता येतो. परंतु घरातील कर्ता पुरुष तापाने गेला तर मुले आपली राहतील की नाही, ही धास्ती ज्या घरात शिरली, तेथे रात्री झोप कोणाला येणार? १५६० मध्ये ब्राह्मणांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला. तो पुढे सैल करावा लागला, कारण शेते ओस पडू लागली आणि व्यापार थंडावला. वसूल गोळा करणारे, दुभाषे, वैद्य, दलाल हे हिंदूंतलेच होते. ज्यांना राज्यातून घालवावयाचे, त्यांच्यावाचून राज्य चालत नव्हते. म्हणून काही राहिले, काही धर्म बदलून राहिले, काही अंत्रुजेत गेले, काही कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेले. एकाच घराच्या अशा चार वाटा झाल्या.

अंत्रुज महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता. एका परधर्मीय राजाच्या छळातून निघालेले आपले देव दुसऱ्या परधर्मीय राजाच्या मुलखात सुरक्षित राहिले, ही गोष्ट आपण कधी विसरू नये. ‘परधर्मीय तेवढा देवद्रोही’ असे सरसकट विधान करणाऱ्याने कवळे, मंगेशी, म्हार्दोळ यांचा भूगोल एकदा नकाशावर पाहावा. पुढे मराठेशाहीत या स्थानांना वैभव आले. नारोराम मंत्री यांनी शाहू महाराजांच्या काळात कवळ्याचे देऊळ उभारण्यास मोठा हातभार लावला. १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने पेशव्यांनी मंगेशी गाव श्रींस इनाम दिला.

आता बिरुदाकडे वळू. छळ करणारा राजा ‘दयाळू’ कसा ठरला? उत्तर सोपे आहे. ज्यांनी त्याचे चरित्र लिहिले, त्यांच्यावर छळ झाला नव्हता. त्याची मोठी बखर फ्रांसिश्कु द आंद्राद याने लिहिली, ती १६१३ मध्ये लिस्बनला छापली गेली. तेव्हा इन्क्विझिशन पूर्ण जोरात होते. त्याच्या संमतीवाचून एक पानही छापणे शक्य नव्हते. ज्या संस्थेची स्थापना हे त्या राजाचे कर्तृत्व, तीच संस्था त्याच्या चरित्रावर मंजुरीचा शिक्का मारणार, तेथे दुसरे कोणते बिरूद उमटावे?

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील राणी मेरी हिने १५५५ ते १५५८ या काळात सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले. तिच्यानंतर राज्य विरुद्ध पंथाकडे गेले आणि जॉन फॉक्स याचा हुतात्म्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये प्रसिद्ध होऊन घरोघर वाचला गेला. ती कायमची ‘रक्तरंजित मेरी’ झाली. दोघेही समकालीन, दोघेही एकाच पंथाचे, दोघांचीही आपण देवाचे काम करीत आहोत अशी प्रामाणिक श्रद्धा. एकाला मिळाले ‘दयाळू’ आणि दुसरीला मिळाले ‘रक्तरंजित’. फरक एवढाच की मेरीच्या बळींच्या हाती पुढे लेखणी आली आणि जुवांवच्या बळींच्या हाती ती तीनशे वर्षे आली नाही.

हे बिरूद पुन्हा एकदा दिसते ते पाहून वाचकांस नवल वाटेल. १७७४ मध्ये मार्क्विस पोंबालच्या राजवटीत गोव्यातील इन्क्विझिशन बंद झाले. १७७७ मध्ये राणी मारिया पहिली गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी ते न्यायासन पुन्हा जिवंत करण्यात आले. ते कायमचे गेले १८१२ मध्ये. या राणीचे बिरूद कोणते? तेच, ‘पियेदोजा’. दोन राजे, दोन शतकांचे अंतर आणि एकच विशेषण! मात्र अखेरीस तिला वेड लागले आणि ब्राझीलमधील लोक तिला ‘वेडी राणी’ म्हणून ओळखू लागले. समुद्र ओलांडला की विशेषणही बदलते.

जुवांवच्या कीर्तीस खरा धक्का दिला तो एका पोर्तुगीज माणसानेच. आलेशांद्रे एर्कुलानु हा एकोणिसाव्या शतकातील थोर इतिहासकार. १८४४ मध्ये त्याने फ्रेय लुईश द सोउज याने लिहिलेली जुवांवच्या कारकिर्दीची जुनी वार्षिके संपादून प्रसिद्ध केली. त्यानंतर सरकारी दप्तरे आणि रोमशी झालेला पत्रव्यवहार चाळून त्याने १८५४ ते १८५९ या काळात पोर्तुगालमधील इन्क्विझिशनच्या उगमाचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. त्या न्यायासनासाठी झालेल्या वाटाघाटींत भक्तीइतकाच पैशाचाही व्यवहार कसा झाला, हे त्याने कागदावरून दाखविले. राजा धर्मवेडा होता आणि बुद्धीने सामान्य होता, असा त्याचा निर्णय होता. ‘दयाळू’ हे बिरूद त्या दिवसापासून संशयास्पद झाले. ते पुसले मात्र गेले नाही. विसाव्या शतकात सालाझारच्या राजवटीत राजाचे गुणगान करणारी पुस्तके पुन्हा निघाली, कोइंब्रचा पुतळाही त्याच काळातला.

गोव्यापुरते पाहिले तर हेच काम सेक्रेटरी जनरल कुन्हा रिव्हारा याने केले. हाही पोर्तुगीजच. त्याने १८५७ पासून पणजीच्या सरकारी छापखान्यातून जुन्या हुकमांचे खंड प्रसिद्ध केले. देवळांविषयीच्या आज्ञा, धर्मपरिषदांचे ठराव, पोरक्या मुलांचे कायदे हे सारे मूळ शब्दांत छापून निघाले. पुढे प्रियोळचे सुपुत्र अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, त्याचा पाया असल्याच साधनांवर उभा आहे. ज्या गावाने श्री मंगेशास आसरा दिला, त्याच गावच्या एका विद्वानाने चारशे वर्षांनी त्या छळाची साक्ष नोंदवावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

या साक्षीचे तारतम्य मात्र आपण राखले पाहिजे. आवेशाच्या भरात लाखांचे आकडे सांगणारे लोक भेटतात. गोव्यातील इन्क्विझिशनचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जुनी सूची आहे, तीत १५६१ ते १६२३ या काळातील सुमारे ३,८०० खटल्यांची नोंद आहे. खटला म्हणजे मृत्यू नव्हे. बहुतेकांना दंड, कैद, हद्दपारी अशा शिक्षा झाल्या. परंतु मृतालाही सुटका नव्हती, हेही तितकेच खरे. ‘कोलोक्वियुश’ हा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा गार्सिय द ओर्त १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. खरा आकडा लहान असला तरी दुःख लहान होत नाही. उलट खोटा आकडा सांगितला की खऱ्या दुःखावरील विश्वासही उडतो. आयुष्यभर खातेवह्या लिहिलेल्या माणसाला तरी असेच वाटते. बेरीज चुकली की खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

आम्ही बडोदेकर मंडळी या विषयाचा विचार करताना आणखी एक नाव टाळू शकत नाही. औरंगजेब बादशहाचा जन्म १६१८ मध्ये दाहोद येथे झाला. ते गाव बडोद्यापासून फार दूर नाही. गुजराथचा सुभेदार असताना त्याने १६४५ मध्ये अहमदाबादेतील चिंतामणी पार्श्वनाथाचे जैन मंदिर भ्रष्ट केले, त्याचा बाप शहाजहान याने ते परत देण्याचा हुकूम केला. पुढे गादीवर येताना याच औरंगजेबाने त्या मंदिराचा धनी असलेल्या शांतिदास जव्हेरी यास शत्रुंजयासंबंधी सनदही दिली. नंतर १६६९ चा देवळांविषयीचा हुकूम आणि १६७९ चा जिझिया आला. कारभाराच्या दृष्टीने तो आळशी किंवा विलासी नव्हता. परंतु अकबराने १५६४ मध्ये उठविलेला कर ज्याने पुन्हा बसविला, त्याची गणना लोक अकबराच्या पंक्तीत कशी करतील? पन्नास वर्षांच्या राज्याचे मोजमाप लोकांनी त्या दोन हुकमांनीच केले.

याचे कारण असे वाटते, की राजाच्या इतर चुका प्रजा विसरते. दुष्काळात सारा घेतला, लढाई हरला, खजिना उधळला, हे एक दोन पिढ्यांत विस्मरणात जाते. परंतु घरातील देव आणि घरातील मूल यांना हात लावला तर ती आठवण सणावारांत, कुळाचारात, पालखीच्या वाटेत शिरते. ती सांगण्यास पुस्तकाची गरज लागत नाही. जुवांवच्या बाजूने चरित्रकार होते, छापखाना होता, पुतळा होता. आपल्या बाजूने फक्त देवाचे मूळ गाव आणि सध्याचे गाव यांमधील अंतर होते. परंतु दरवर्षी ते अंतर कोणी ना कोणी मुलाला समजावून सांगितले. या अंतरानेच अखेर बिरुदावर मात केली.

आमच्या नागरवाड्यातून निघाले की काळ्या घोड्यावरील श्रीमंत सयाजीराव महाराजांचा पुतळा पाहण्यास फार चालावे लागत नाही. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९१० मध्ये ग्रंथालयांची योजना, अशा गोष्टींनी त्यांचे नाव राहिले. परमुलखातून आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांस त्या नगरीत नोकरी मिळाली, मुलांस शाळा मिळाली आणि देव कोठला, गाव कोणते असे कोणी विचारले नाही. पुतळा कोइंब्रलाही आहे आणि बडोद्यालाही आहे. दगडधातूत फरक नसतो. पुतळ्याखालून जाणाऱ्याच्या मनात काय येते, त्यात असतो.

आता शेवटचा आणि थोडा कठीण प्रश्न. या आठवणीचे आपण काय करावयाचे? ख्रिस्ती बांधवांशी वैर धरावे काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ते छळ करणाऱ्यांचे वंशज नसून बहुतांशी छळ सोसलेल्यांचेच वंशज आहेत. ज्या चार वाटांचा वर उल्लेख केला, त्यांतील एक वाट त्यांच्या पूर्वजांची. कुंकळ्ळीचे उदाहरण घ्यावे. १५८३ च्या जुलैत तेथील गावकरांनी पाच जेझुइट पाद्री मारले. त्यांत रुदोल्फ आक्वाव्हिवा होता, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. अकबराने त्याला मानाने वागविले, त्याच्याशी धर्मचर्चा केली. तोच पाद्री कुंकळ्ळीत सैन्याच्या पाठोपाठ गेल्याने प्राणास मुकला. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले गेले. श्री शांतादुर्गा फातर्प्यास गेली. तरीही आजपर्यंत देवीच्या छत्र्यांच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या मूळ गावी येतात आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती घराणीही आपला मान राखून असतात. कोणत्याही राजाला हे नाते तोडता आले नाही. ते आपण का तोडावे?

दुसरे असे, की दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याने आपलेही दार तपासावे. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या प्रयत्नाने हजारो गावडे बांधव हिंदू धर्मात परत आले. चारशे वर्षांनी घरी आलेल्या या मंडळींस ‘नवहिंदू गावडे’ असे निराळे नाव पडले आणि ते दीर्घकाळ चिकटून राहिले. घरी परतलेल्या माणसाला ‘नवा’ का म्हणावयाचे? ज्या समाजाच्या देवाने एकदा आसऱ्यासाठी रात्री नदी ओलांडली, त्या समाजाने तरी दाराशी आलेल्यास त्याचे कूळ विचारू नये.

तिसरे, हे सारे लिहून ठेवले पाहिजे. आपल्या महाजनांची नामावली, देवस्थानचे नियम हेही आज आपल्याला मिळतात ते पुष्कळ अंशी पोर्तुगीज सरकारच्या महाजनकी कायद्यांमुळे. १८८६ चा आणि नंतर १९३३ चा कायदा यांनी महाजनांची नोंदवही सक्तीची केली. ज्या सरकारने १५४१ मध्ये देवाची जमीन घेतली, त्याच सरकारने पुढे देवाचे हिशेब नीट ठेवावयास लावले. आज अनेक घरांत जुने कागद, कौलप्रसादाच्या वह्या, मोडीतील पत्रे कपाटात वाळवीच्या तोंडी पडून आहेत. संस्थानने ती गोळा करून त्यांच्या नकला करून घ्याव्यात, अशी नम्र सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. एर्कुलानुला जे करता आले ते दप्तर शाबूत होते म्हणून. आजीची गोष्ट आजीबरोबर जाते. कागद उरला तर नातवास ती पुन्हा सापडते.

लिसेंवमध्ये पाठ केलेले ते बिरूद अद्याप मुखोद्गत आहे. ते विसरण्याची इच्छाही नाही. फक्त कोणी विचारले तर आता पाठोपाठ दुसरे वाक्यही म्हणता येते. दों जुवांव तिसरा यास त्याच्या देशात दयाळू म्हणत, आणि त्याच्या आज्ञांच्या मागोमाग आमच्या देवांना घर सोडावे लागले. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही एकत्र सांगितली पाहिजेत. मुलांना यंदाच्या जत्रेस नेताना वाटेत मूळ गावीही नेऊन आणावे. तेथे आज जे काही असेल, चर्च असेल, माड असतील, मोकळे रान असेल, तेथे हात जोडून उभे राहावे, आणि शेजारच्या घरातील ख्रिस्ती माणसाने पाणी विचारले तर ते आनंदाने घ्यावे.

श्रींच्या चरणी ही अल्पशी सेवा रुजू असो.

— एक महाजन, नागरवाडा, बडोदे